पित्याच्या मुखात वाढणारी पिले

जयपूरच्या रहिवाशास समुद्र पाहावयाचा असेल तर शेकडो मैलांचा प्रवास करावा लागतो. नगराच्या सभोवार अरवलीच्या टेकड्या आहेत, पश्चिमेच्या बाजूस सांभरचे खारे सरोवर आहे आणि त्याच्याही पलीकडे मरुभूमी पसरलेली आहे. अशा नगरात एखाद्याने आपल्या दिवाणखान्यात समुद्रातील मासे पाळावेत ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु आज ती अशक्य राहिलेली नाही. समुद्राच्या पाण्यातील क्षार योग्य प्रमाणात मिसळून तयार केलेले मीठ विकत मिळते, पाणी खेळते ठेवणारे विजेचे पंप मिळतात आणि मासे विमानाने दूरच्या गावी पोचविता येतात. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि पुढे अनेक पिढ्यांतील मराठी मुलांनी समुद्रातील जिवंत मासे प्रथम पाहिले ते तेथेच. ते मत्स्यालय समुद्राच्या काठी होते. आज काठाची अट उरलेली नाही.

परंतु जे करता येते ते करावे काय, हा प्रश्न निराळा आहे. गोड्या पाण्यातील शोभेचे बहुतेक मासे आज संवर्धनकेंद्रांत जन्मलेले असतात. समुद्रातील शोभेच्या माशांची स्थिती ह्याच्या उलट आहे. त्यांच्यापैकी बहुतेक जाती अजूनही प्रवाळखडकांवरून जाळ्याने पकडून आणल्या जातात. म्हणजे आपल्या टाकीत एक मासा आला की समुद्रातून एक मासा कमी झाला, असा हा सरळ हिशेब आहे. वाटेत जे मेले ते ह्या हिशेबात धरलेलेच नाहीत. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, समुद्रापासून दूर राहणाऱ्या मनुष्याने समुद्री मासा अवश्य पाळावा. परंतु ज्याची वीण आपल्या टाकीत होऊ शकते असाच मासा त्याने निवडावा, आणि आरंभही टाकीत जन्मलेल्या माशांपासूनच करावा. ही अट कठोर वाटेल. पण ती पुरी करता येईल असा एक मासा आहे, आणि त्याची कथा ह्या मताचे सर्वांत चांगले समर्थन आहे.

हा मासा म्हणजे बांगाई कार्डिनल होय. शास्त्रज्ञ त्यास टेरापोगॉन कॉडर्नी म्हणतात. इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या पूर्वेस बांगाई नावाचा लहानसा द्वीपसमूह आहे. तेच ह्याचे मूळ घर. वॉल्टर कॉडर्न ह्या स्वीडिश संशोधकाने १९२० साली त्याचे नमुने गोळा केले आणि १९३३ साली कौमन्स ह्या शास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९९४ साली जेराल्ड ॲलन ह्या मत्स्यशास्त्रज्ञाने तो त्या बेटांवर पुन्हा पाहिला आणि त्याची छायाचित्रे जगापुढे आली. रुपेरी अंगावर काळे उभे पट्टे, पांढऱ्या ठिपक्यांनी सजलेले लांब पर आणि दुभंगलेली शेपटी असा हा सुमारे ८ सेंटिमीटर लांबीचा मासा पाहताच मत्स्यपालकांची त्यावर उडी पडली. काही वर्षांतच दरवर्षी लाखो मासे बांगाई बेटांवरून बाहेर जाऊ लागले. २००७ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याची गणना संकटग्रस्त जातींत केली.

लाखोंनी असणारा मासा इतक्या लवकर संकटात का यावा? ह्याचे उत्तर त्याच्या पिलांच्या संगोपनात आहे.

समुद्रातील बहुतेक मासे आपल्या संततीची काळजी घेत नाहीत. सुरमईसारखा मासा लाखो अंडी पाण्यात सोडतो आणि निघून जातो. अंड्यांतून निघालेले डिंभ, म्हणजे अगदी बाल्यावस्थेतील जीव, दोन-तीन मिलिमीटर लांबीचे असतात. ते प्रवाहाबरोबर आठवडेच्या आठवडे भटकतात. त्यांतील बहुसंख्य इतरांच्या भक्ष्यस्थानी पडतात, पण जे वाचतात ते दूरदूरच्या किनाऱ्यांवर वस्ती करतात. एखाद्या खडकावरील मासे संपले तरी दुसरीकडून आलेले डिंभ ती जागा पुन्हा भरून काढतात. बांगाई माशाने निराळा मार्ग पत्करला आहे. मादी एका वेळी केवळ काही डझन अंडी घालते. पण एकेक अंडे जवळजवळ ३ मिलिमीटर व्यासाचे व अन्नाने भरलेले असते. अंडी बाहेर पडताच नर ती आपल्या तोंडात घेतो. सुमारे वीस दिवस ती त्याच्या मुखातच उबतात, आणि अंड्यांतून पिले निघाल्यावरही आणखी आठवडाभर किंवा त्याहून थोडा अधिक काळ तो त्यांना तोंडाबाहेर सोडीत नाही. ह्या सर्व अवधीत तो काही खात नाही. अखेर तो तोंड उघडतो तेव्हा बाहेर येतात ती डिंभ नव्हेत, तर आपल्या आईबापांचीच लहान प्रतिकृती अशी पिले. ती प्रवाहाबरोबर जात नाहीत. जवळच्या समुद्रपुष्पांत किंवा अर्चिनाच्या, म्हणजे समुद्री साळिंदराच्या, लांब काट्यांत शिरून तेथेच वाढू लागतात.

तोंडात अंडी व पिले सांभाळण्याच्या ह्या रीतीस आपण मुखसंगोपन म्हणू. कोकणातील वाचकांना ती अगदीच अपरिचित असू नये. बाजारात येणारा शिंगाळा हा ह्याच रीतीचा मासा आहे. त्याचीही अंडी नरच तोंडात सांभाळतो, आणि ती अंडी हाडांच्या माशांत सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी आहेत. ह्या रीतीत जसे सामर्थ्य आहे तसा धोकाही आहे. १९८०च्या आगेमागे कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्स-सीन जाळ्यांत शिंगाळ्यांचे थवेच्या थवे सापडू लागले. त्यांत अंडी व पिले तोंडात धरलेले नर मोठ्या संख्येने होते. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ह्याची नोंद करून धोक्याची सूचना दिली होती. पुढे पश्चिम किनाऱ्यावरील शिंगाळ्याची मासेमारी खालावली. ज्याची संतती थोडी आणि पित्याच्या मुखात, त्याचा पिताच धरला की दोन पिढ्या एकदम नाहीशा होतात.

बांगाई माशाची अडचण ह्याहूनही बिकट आहे. त्याची पिले दूर जातच नसल्यामुळे प्रत्येक बेटाची वस्ती स्वतंत्र राहिली आहे; इतकी की शेजारच्या बेटांवरील माशांतही आनुवंशिक भेद आढळतात. एका खाडीतील मासे पकडून संपविले तर ती खाडी रिकामीच राहते. तेथे येणारे डिंभच नाहीत. शिवाय पिलांचा आसरा असलेली अर्चिने व समुद्रपुष्पे माणसांनी काढून नेल्यामुळे जे जन्मतात त्यांनाही लपावयास जागा उरत नाही.

आता ह्याच गुणाची दुसरी बाजू पाहू. समुद्री मासे टाकीत वाढविण्यातील मोठी अडचण म्हणजे डिंभांचे अन्न. विदूषक मासा टाकीत अंडी घालतो हे खरे. केरळातील विळिंजम येथील केंद्रीय संस्थेच्या केंद्रात त्याची वीण यशस्वी रीतीने करण्यात आली आहे. परंतु त्याचे डिंभ इतके बारीक असतात की त्यांना प्रथम रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खाऊ घालावे लागतात, आणि त्या जीवांसाठी हिरवे शेवाळही वाढवावे लागते. घरच्या मत्स्यपालकास हा व्याप झेपणे कठीण. बांगाई माशाचे पिलू मात्र पित्याच्या मुखातून बाहेर येते तेच आर्टेमियाची नुकती उबलेली पिले खाण्याइतके मोठे होऊन. आर्टेमियाची सुकी अंडी डबीत मिळतात. खाऱ्या पाण्यात घालून हवेचे बुडबुडे सोडले की एक-दीड दिवसात ती उबतात. जे काम संशोधनकेंद्रात अनेक पिंपे आणि अनेक माणसे करतात, ते येथे एकटा पिता आपल्या तोंडात करतो. न्यू जर्सीच्या मत्स्यालयात आलेहान्द्रो व्हागेल्ली ह्यांनी ह्या माशाच्या विणीचा अभ्यास करून १९९९ साली तो प्रसिद्ध केला, आणि त्याच सुमारास अनेक हौशी मत्स्यपालकांनीही घरच्या टाक्यांत त्याची पिले वाढविली.

तात्पर्य असे की, दूर न जाणारी मोठी आणि थोडी पिले हा गुण ह्या माशास समुद्रात दुर्बळ करतो आणि तोच गुण त्यास घरात वाढविण्यास सर्वांत सोपा करतो. हे एकदा ध्यानात आले म्हणजे समुद्रातून पकडलेला बांगाई मासा विकत घेण्यास काही सबबच राहत नाही. जो घरी जन्मू शकतो त्यास समुद्रातून ओढून आणणे हा निव्वळ आळस आहे.

जयपूरसारख्या ठिकाणी हे काम कसे करावे ह्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण हौसेपोटी आरंभ करून मासे मारणे हेही एक पापच आहे. प्रथम पाण्याचा विचार. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हा १०० लिटरांच्या टाकीस सुमारे साडेतीन किलो मीठ लागेल. सांभरचे मीठ जवळ व स्वस्त म्हणून ते वापरण्याचा मोह होईल. पण ते चालणार नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम व क्लोरीन ह्यांखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचे ठराविक प्रमाण असते. सांभरच्या पाण्यात मॅग्नेशियम व कॅल्शियम फार थोडे असून सोड्याचे क्षार अधिक असतात. खारे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे, हा रसायनशास्त्राचा पाठ जयपूरच्या विद्यार्थ्यास आपल्या अंगणातच मिळतो. मीठ मिसळावयाचे पाणीही शक्य तितके क्षारमुक्त असावे. घरोघरी जी पाणी शुद्ध करण्याची आर.ओ. यंत्रे आहेत त्यांचे पाणी ह्या कामी येते, आणि यंत्रातून वाया जाणारे पाणी फरशी पुसण्यास वापरता येते.

दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. राजस्थानच्या कोरड्या हवेत टाकीतील पाणी भराभर आटते. पण मीठ मागे राहते. १०० लिटरांतील ५ लिटर पाणी उडाले तर तेच ३,५०० ग्रॅम मीठ ९५ लिटरांत राहून दर लिटरला जवळजवळ ३७ ग्रॅम होते. म्हणून आटलेली भर रोज गोड्या पाण्याने घालावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. तिसरी गोष्ट उष्णतेची. ह्या माशास २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. जयपुरात मे महिन्यात हवेचा पारा ४५ अंशांजवळ जातो आणि जानेवारीच्या रात्री फार थंड असतात. हिवाळ्यात टाकीस तापक लागतो. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडल्यास कोरड्या हवेमुळे पाणी काही अंश थंड होते. परंतु पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय निकामी ठरतो. ज्याच्या घरी वा शाळेत उन्हाळ्यात खोली थंड ठेवण्याची आणि वीज गेल्यास पंप चालू ठेवण्याची सोय नाही, त्याने ह्या वाटेस जाऊ नये.

टाकी तयार झाली तरी मासे लगेच सोडू नयेत. माशांच्या मलमूत्रातून निघणारा विषारी अमोनिया जिवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व मग पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये पालटतात. हे जिवाणू टाकीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर टाकीत जन्मलेले पाच-सहा लहान मासे आणावेत. नर-मादी बाहेरून सहज ओळखू येत नाहीत, म्हणून जोडी त्यांची त्यांनाच जमवू द्यावी. जोडी जमली की ती इतरांस त्रास देऊ लागते. मग इतरांस दुसरीकडे हलवावे. एके दिवशी नराची हनुवटी फुगलेली दिसेल आणि तो अन्नाकडे पाठ फिरवील. हीच खूण. प्रथमच पिता होणारा नर कित्येकदा अंडी गिळून टाकतो. त्यामुळे निराश होऊ नये. पिले बाहेर येण्याच्या सुमारास नरास निराळ्या टाकीत ठेवावे, कारण एरवी मोठे मासे पिलांना खातात. पिलांसाठी अर्चिनाच्या काट्यांसारखा आडोसा करावा. आर्टेमिया नुसती देऊन भागत नाही; तिला आवश्यक मेदाम्लांचे पोषण देऊन मग ती पिलांस द्यावी, नाही तर काही आठवड्यांची पिले जराशा दचकण्यानेही मरतात. पिले सोडल्यावर नरास काही आठवडे चांगले खाऊ घालून विश्रांती द्यावी. वारंवार उपाशी राहून झिजणारा पिता हे मत्स्यपालकाच्या लोभाचे चिन्ह आहे.

ह्या मतावर तीन आक्षेप येतील, आणि तिन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, घरोघरी मासे जन्मू लागले तर बांगाईच्या गरीब कोळ्यांनी काय खावे? हा आक्षेप भावनेचा नव्हे, न्यायाचा आहे. परंतु ज्यांनी मासे पकडले त्यांच्या हाती पडणारा मोबदला नेहमीच अत्यल्प राहिला. नफा वाटेवरच्या व्यापाऱ्यांचा झाला. आणि खाडी रिकामी झाल्यावर तो अल्प मोबदलाही जातो. इंडोनेशियाच्या शासनाने २०१८ साली ह्या माशास मर्यादित संरक्षण देऊन ठराविक महिन्यांत तो पकडण्यास मनाई केली, ती ह्याच जाणिवेने. तरी एवढे मान्य केले पाहिजे की, बेटांवरील लोकांना दुसरे साधन मिळावे ही जबाबदारी आपल्या टाकीतील चाळीस पिलांनी फिटत नाही.

दुसरा आक्षेप असा की, घरची वीण म्हणजे संरक्षण नव्हे. हे खरे आहे. टाकीत जन्मलेले मासे समुद्रात सोडून वस्ती वाढविण्याचा विचार कोणीही करू नये. त्यांच्याबरोबर रोग जातात आणि बेटाबेटांच्या वंशांची सरमिसळ होते. व्यापाराच्या ओघात हेच मासे सुलावेसीच्या उत्तर टोकाजवळील लेंबेह सामुद्रधुनीत सोडले गेले आणि जेथे ते कधी नव्हते तेथे फोफावले. मूळ घरी दुर्मिळ होत चाललेला जीव परक्या ठिकाणी उपरा ठरावा, ह्यात समाधान मानण्याजोगे काही नाही. घरच्या विणीचा उपयोग एवढाच की ती समुद्रावरील मागणी कमी करते. हा उपयोग लहान आहे, पण खरा आहे.

तिसरा आक्षेप जयपूरच्या नागरिकाचा असेल. जे नगर आपल्या तहानेसाठी दूरवर बनास नदीवरील बिसलपूर धरणाकडे पाहते, तेथे माशांसाठी पाणी व वीज खर्च करणे शोभते काय? १०० लिटरांच्या टाकीत दर आठवड्यास १० लिटर पाणी बदलावे लागते. आटलेली भर आणि यंत्रातून वाया जाणारे पाणी धरूनही एका विद्यालयास हा खर्च जड नाही. पण घरोघरी दिखाव्यासाठी मोठमोठ्या टाक्या झाल्या तर तो निश्चितच जड होईल. म्हणूनच प्रस्तुत लेखकाचा आग्रह असा की, दहा घरांत दहा टाक्या असण्यापेक्षा एका शाळेत एक असावी. आणि ज्या शाळेस खाऱ्या पाण्याचा व्याप झेपत नाही तिने आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या मुखसंगोपक माशांपासून आरंभ करावा. त्यांत पिता नव्हे तर माता पिले तोंडात सांभाळते. मासे टाकीत जन्मलेले सहज मिळतात. आणि पुष्कळ विहिरींचे जे जड पाणी आपण नावे ठेवून पितो, तसलेच त्यांना मानवते. मात्र हेही मासे कधी तलावात सोडू नयेत. १९५२ साली भारतात आणलेला तिलापी हाही मुखसंगोपकच. पिले सांभाळण्याच्या ह्याच कौशल्याने तो देशातील जलाशयांत किती पसरला हे सर्वश्रुत आहे.

टाकीबरोबर एक वही अवश्य ठेवावी. ज्या नगरात सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात ग्रहताऱ्यांच्या मोजमापासाठी दगडी यंत्रे उभारली, तेथील विद्यार्थ्यांना मोजण्याची थोरवी सांगावयास नको. रोजचे तापमान, पाण्याची क्षारता, नराने खाणे कधी सोडले, पिले कोणत्या दिवशी बाहेर आली, त्यांतील किती एक महिना जगली, हे सर्व त्या वहीत लिहावे. पिले मेली तर तेही लिहावे. यशाच्या चार ओळींपेक्षा अपयशाची प्रामाणिक नोंद पुढच्या वर्गास अधिक उपयोगी पडते. अशा वह्या सार्वजनिक ग्रंथालयात जमा झाल्या तर दुसऱ्या शाळेस तीच चूक पुन्हा करावी लागणार नाही.

आणि दुकानात गेल्यावर एक प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावावी : हा मासा कोठे जन्मला? किंमत किती, हा प्रश्न सर्वच विचारतात. जन्माचा प्रश्न पुष्कळांनी पुष्कळ वेळा विचारला म्हणजे दुकानदारासही त्याचे उत्तर शोधून ठेवावे लागते. उत्तर न मिळाल्यास मासा न घेता परत यावे. टाकी आणखी काही महिने रिकामी राहिली तर त्यात कोणाचे काही बिघडत नाही.